बमचूंठाचा मुरांबा

नाशिक,
कार्तिकी एकादशी

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझं खोकं भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पोचलं. बाबांनी ते फोडलं आणि घरभर असा वास सुटला की मला वाटलं, स्वयंपाकघरात कुणी अननस चिरलाय. श्रीनगरहून आलंय म्हणजे सफरचंदंच, म्हणून मी सुरी घेऊन बसलेही होते. निघाली ही बमचूंठं, म्हणजे इंग्रजीतलं क्विन्स: पिवळी, अंगावर लव असलेली, ओबडधोबड फळं. एक फोड तोंडात टाकली आणि कच्चं केळं खाल्ल्यासारखी जिभेला मिठी बसली. ‘कच्चं खाऊ नका, मुरांबा करा’ ही तुझी चिठ्ठी खोक्याच्या तळाशी होती. पुढच्या वेळी वर ठेव.

चार किलो फळं, सण घरात, आणि ज्याने धाडली तो तिकडे! दोन दिवस हातच लावला नाही. फळं मात्र जशीच्या तशी राहिली, उलट वास वाढला. तिसऱ्या दिवशी मनावर घेतलं.

पहिला घाणा बिघडला, आधीच सांगते. मी आपली साखरांब्याच्या हिशेबाने गेले. फोडी केल्या, पाक केला, फोडी पाकात सोडल्या. तासभर उकळल्या तरी मऊ पडेनात, चामट झाल्या. नंतर माझंच मला हसू आलं. आवळासुद्धा आपण आधी टोचून वाफवतो, मगच पाकात घालतो, कारण एकदा साखर लागली की कठीण फळ तसंच आखडून बसतं. चाळीस वर्षं मोरावळा करणाऱ्या बाईने हे विसरावं! त्या फोडी बाबा सुपारीसारख्या चघळून संपवताहेत.

दुसरा घाणा नीट केला. ओल्या फडक्याने लव खसखसून पुसली. फळं चिरताना मनगट दुखलं. गाभा तर इतका कठीण आणि वाळूसारखा कणीदार की विळीची धार गेली. सालं आणि गाभा टाकला नाही, मलमलीच्या पुरचुंडीत बांधून फोडींबरोबर पातेल्यात सोडला. पेरूची जेली करताना मी हेच करते, घट्टपणा सालीत आणि बियांच्या आसपासच असतो. फोडी बुडतील इतकं पाणी घातलं आणि बोटाने चेपतील इतक्या शिजवल्या, पाऊण तास लागला. मग पुरचुंडी काढली, फोडींच्या वजनाइतकी साखर आणि दोन लिंबांचा रस घातला. पितळी पातेलं मोठं होतं, पण त्याची कल्हई उडालीय. आंबट त्यात कळकलं असतं, म्हणून स्टीलचंच घेतलं.

आणि मग ती गंमत झाली. मंद आचेवर तासाभराने पांढरट फोडी गुलाबी व्हायला लागल्या. मला वाटलं, खाली लागलं. बाबांना हाक मारली, ते चष्मा लावून पातेल्यात डोकावले. अजून अर्ध्या तासाने सगळं डाळिंबासारखं लाल! रंगाचा एक थेंब घातलेला नाही. ज्या तुरटपणाने मिठी बसली, तोच शिजून लाल होतो, असं बाबा वाचून सांगत होते. त्यांना आता या फळाचा नादच लागलाय. मार्मालेड हा शब्दसुद्धा पोर्तुगीज लोक या फळाला मार्मेलो म्हणतात त्यावरून आला, संत्र्याला तो मान मागाहून मिळाला, हे मी गेल्या चार दिवसांत सहा वेळा ऐकलंय.

थंड बशीवर थेंब टाकून बोट फिरवलं, सुरकुती पडली की गॅस बंद. मी जरा उशीर केला, त्यामुळे एका बरणीतला चमच्याने खणावा लागतो. तू केलास तर थोडा सैलच उतरव, गार झाल्यावर तो चांगलाच आळतो.

बिया मात्र मी आधीच काही वेगळ्या काढल्या होत्या. भद्रकालीतल्या काष्ठौषधीवाल्याला दाखवल्या, तर तो म्हणाला, हा तर बिहीदाणा! तुला लहानपणी कोरडा खोकला झाला की तुझी आजी रात्री पाण्यात भिजवायची तोच. सकाळी बुळबुळीत पाणी व्हायचं आणि तू नाक धरून प्यायचास. आजी ‘चावू नकोस रे’ म्हणून ओरडायची, ते बरोबरच होतं, या बिया चावायच्या नसतातच. इतकी वर्षं ज्याच्या बिया घरात होत्या, ते फळ बघायला तुझी बदली व्हावी लागली.

वाढायचा कसा, यावरून इथे दोन तट आहेत. माझं म्हणणं, मुरांबा आहे तर पानात डावीकडे, लोणच्याच्या शेजारी. बाबा खारीवर लावून चहाबरोबर खातात. आज उपवासाच्या थालीपिठावर लोण्याच्या गोळ्याशेजारी वाढला आणि मीच हरले. खारट लोण्याबरोबर तो जास्त खुलतो. तुपाबरोबर नुसता गोडमिट्ट लागतो. शेजारच्या काकूंना वाटीभर दिला, त्यांना तो बिटाचा वाटला.

तुझ्यासाठी एक बरणी ठेवलीय, खणावा लागतो ती नव्हे. बाबांच्या ओळखीचे एक जण पुढच्या आठवड्यात तिकडे यायचेत, त्यांच्याबरोबर धाडते. झाकणाला मेण लावलंय, तरी पिशवी उभीच ठेवायला सांग. ओला चमचा घालू नकोस.

अजून पाच फळं उरलीत. तुझ्या घरमालकीणबाई ती वांग्यात घालतात म्हणालास ना? त्यांना विचारून कळव, किती वांग्यांना किती फळं, फोडी आधी तळतात का, आणि त्यात गूळ घातला तर त्यांना राग येईल का.

तुझी,
आई