पाटीवरची जात

प्रिय प्रज्ञा,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. व्हॉट्सॲपवर न टाकता कागदावर लिहिलंस, म्हणून मीही कागदच घेतला. गावाचं नाव इथे वेगळं लिहीत नाही. पाकिटावर आहे, शिक्क्यातही आहे. आधी ‘महार’, मग गाव.

गावाचं हे नाव बदलायचं चाललंय, आणि तुझं म्हणणं असं की ते बदलू नये. जात पाटीवर दिसते तोवर कोणाला नाकारता येत नाही. उद्या पाटी गुळगुळीत झाली की हेच लोक म्हणतील, आमच्या गावात असलं काही नव्हतंच. आता गंमत ऐक. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पाटीलपुऱ्यातले दोघेतिघे उठले आणि हेच बोलले. “पिढ्यान्‌पिढ्यांचं नाव आहे, इतिहास आहे, काऊन बदलवता?” तुझं कारण निराळं, त्यांचं निराळं, हे मला कळतं. पण ग्रामसेवकाच्या रजिस्टरात कारण लिहायला जागा नसते. तिथे फक्त बाजूने आणि विरोधात. तू पुण्यात बसून कोणाच्या रांगेत उभी आहेस ते एकदा बघून घे.

मी चाळीसेक वर्षं या गावचं ब्रँच पोस्ट ऑफिस सांभाळलं. नाव म्हणजे काय असतं ते पोस्टात बसणाऱ्याला जरा जास्त कळतं. आपल्या तालुक्यात याच नावाचं दुसरं गाव आहे, बिनजातीचं. दोन्ही गावं एकाच सब-ऑफिसाखाली, म्हणून पिनकोडही एकच. कल्याण-उल्हासनगरला कामाला गेलेली आपली पोरं पत्ता लिहिताना पहिला शब्द गाळायची. टपाल मग तिकडच्या गावाला जायचं आणि ‘मिससेंट’चा शिक्का मारून घेऊन आपल्याकडे परत यायचं. नदीकाठच्या एका म्हातारीची मनीऑर्डर अशीच दर महिन्याला फिरून यायची. ती दाराशी येऊन विचारायची, “आली का रे बापू?” मी तिच्या पोराला कार्ड टाकलं, की बाबा, पूर्ण पत्ता लिहीत जा. त्याचं उत्तर आलं: काका, फॉर्म भरताना खोलीतले सगळे वाकून बघतात. त्यानंतर त्याला काही लिहिलं नाही. सब-ऑफिसातल्या सॉर्टरला म्हातारीचं नाव सांगून ठेवलं, एवढंच.

पाटी पुराव्यासाठी ठेवा म्हणतेस, तेव्हा त्या पोराला काय सांगशील? पुराव्याचा भार रोज त्यानेच वाहायचा का?

आणि पुरावा हवाच असेल तर तो कुठे आहे ते तुला माहीत आहे. तुझ्या जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद लागत होती, तेव्हा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची नक्कल काढून आणली होती. मूळ बुक मला बघायला मिळालं. पानांच्या कडा झडलेल्या, शाई तपकिरी पडलेली, आणि जन्ममृत्यूच्या नोंदीत प्रत्येक नावापुढे जात. माणूस जन्मला तरी जात, मेला तरी जात. ते बुक कोणी खोडणार नाही, खोडूही नये. तुला अभ्यास करायचा आहे ना, तर चार दिवस तिथे येऊन बस. कोणाच्या नावापुढे बापाचं नाव अदबीने आहे आणि कोणाचं नुसतं ‘अमक्याचा पोरगा’ आहे, सगळं सापडेल.

ग्रामसभेत एकाने टोमणा मारलाच, “सर्टिफिकेटवर चालते, मग पाटीवर का नाही चालत?” सगळे हसले. मी म्हणालो, सर्टिफिकेट माझ्या कपाटात असतं. गरज पडली की मी काढतो, काम झालं की मी ठेवतो. पाटी एस.टी.तून उतरणारा कोणीही वाचतो, आणि वाचून माझ्याकडे बघतो. त्यावर तो गप्प बसला. पटलं म्हणून की चहा आला म्हणून, ते काही सांगता येत नाही.

तुझ्या आबाजींनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली. घरी येऊन देव नदीत सोडले. गावाचं नाव मात्र सोडता आलं नाही. ते शेवटपर्यंत पत्त्यात राहिलं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात माणसं मेली, घरं जळाली, नागपूरपासून लाँग मार्च निघाला. तेव्हा ‘नावात काय ठेवलंय’ हे वाक्य निदान आपल्या घरात तरी नको.

‘नाव बदलून वस्ती बदलते का’ असंही तू विचारलंस. वस्ती बदलत नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयात वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायला सांगितलं. त्यातून महारपुऱ्याचं भीमनगर झालं. नाली तीच आहे, नळाला पाणीही तेवढंच येतं. पण ‘तिकडे महारपुऱ्यात’ म्हणणारे आता ते म्हणायच्या आधी इकडेतिकडे बघतात. मला तेवढं बघणंही पुरतं. पाण्यासाठी वेगळं भांडूच, ते काही थांबलेलं नाही.

आता खरी अडचण सांगतो. ती तुझी नाही, आपल्या पोट्ट्यांची आहे. वस्तीचं नाव खाली बदलता येतं. गावाचं म्हणजे मौज्याचं नाव तसं नाही. ग्रामसभेचा ठराव, मग जिल्हाधिकारी, मग राज्य सरकार, आणि तिथून केंद्राच्या गृह मंत्रालयाची ना-हरकत. ते रेल्वेला विचारतात, सर्व्हे ऑफ इंडियाला विचारतात आणि टपाल खात्यालाही विचारतात. (हे वाचून माझी छाती जराशी फुगली, आईने लगेच ओळखलं.) यासाठी गृह मंत्रालयाची १९५३ सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. इतिहासाशी जोडलेली नावं होता होईतो बदलू नयेत, हे त्यात आहे. पाटीलपुरा तेच घोकून आला होता. पण पुढचं कोणी वाचलं नाही. नुसत्या राष्ट्रीय नेत्यांच्या आदरापोटी गावाचं नाव बदलू नये आणि नवं नाव जवळपासच्या दुसऱ्या गावाशी घोटाळा करणारं नसावं, हेही त्यातच आहे.

पोट्टे बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून अडून बसलेत. त्यांची भावना माझीच आहे, पण फाइल तिथेच अडकेल आणि पाटीलपुरा मजेत बसेल. नुसतं ‘महार’ काढा म्हणावं तर बिनजातीचं गाव आधीच आहे; पुन्हा टपालाचा घोटाळा. म्हणून मी म्हटलं, गावाचं मूळ नाव ठेवा आणि ओळखीचा शब्द बदला. आपल्या अमरावती जिल्ह्यात बघ ना, एक चांदूर रेल्वे, एक चांदूर बाजार. धामणगाव रेल्वे आहे, नांदगाव खंडेश्वर आहे. गावाजवळ जे असेल ते मागे लागलं. आपल्याला रेल्वे नाही, बाजारही भरत नाही. पण नदी आहे, आणि नदीकाठच्या गावाच्या नावामागे ‘थडी’ लावायची आपल्याकडे रीत आहेच. समोर ‘महार’ लावणाऱ्याने तरी काय केलं होतं? दोन गावं ओळखू यावीत म्हणून हाताशी आला तो शब्द लावला. त्याला आम्हीच तेवढे दिसलो. इतिहास म्हणून जे कवटाळतात ते एवढंच आहे.

पोट्टे माझ्यावर चिडलेत. एक तर म्हणाला, काका, तुम्ही अजून सरकारी नोकरच. असो.

पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. तुझं नाव इथल्या मतदार यादीत आहे, म्हणजे तुलाही हात वर करता येतो. विरोधात करायचा तर विरोधात कर, पण समोर बसून कर, आणि नदीकाठच्या त्या पोरालाही तुझं म्हणणं सांग. तो आता गावातच राहतो, किराणा दुकान टाकलंय. तुझी गाडी किती वाजता पोचते ते कळव, स्टेशनवर घ्यायला येतो. आई म्हणते, आलीसच तर अशोक विजयादशमीपर्यंत थांब, दीक्षाभूमीला सगळे मिळून जाऊ. सुटीचा अर्ज आत्ताच टाक.

तुझा,
बाबा