दंड वाढवण्याआधी घंटागाडीची वेळ पाहा

प्रति,
मा. संपादक यांस,

विषय : रस्त्यावर टाकला जाणारा कचरा आणि दंडवाढीची मागणी

महोदय,

गेल्या काही आठवड्यांत आपल्या पत्रस्तंभात शहरातील अस्वच्छतेविषयी बरीच पत्रे वाचनात आली. लोकांना शिस्त उरलेली नाही, नागरिकशास्त्र केवळ परीक्षेपुरते वाचले जाते, तेव्हा दंड जबर करावा आणि चौकाचौकांत कॅमेरे बसवावेत, असा त्यांतील बहुतेकांचा सूर होता. ही चीड मला परकी नाही. पुण्यात आयुष्य काढलेला कोणीही ती थोडीफार बाळगून असतोच. परंतु निवृत्तीनंतर माझी सकाळ गॅलरीत जाऊ लागली, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला उकिरडा रोज कसा भरतो, कोण भरतो आणि किती वाजता भरतो, हे मला इच्छा असो वा नसो, दिसू लागले. तेव्हापासून 'शिस्त नाही' हे उत्तर मला अपुरे वाटते. त्याविषयी लिहावे म्हणून हे पत्र.

या कोपऱ्यावर पूर्वी लोखंडी कुंडी होती. शहर कुंडीमुक्त करण्याच्या धोरणात ती उचलली गेली, आणि ते धोरण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही, कारण त्या कुंडीभोवतीची कुत्री, डुकरे आणि दुर्गंधी मला चांगली आठवते. मात्र कुंडी गेली तरी जागा राहिली. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे तिथे पिशवी टाकली त्यांच्या हाताला ती जागा अजून ओळखीची आहे, आणि जे नव्याने राहायला आले त्यांना तिथे आधीच पडलेल्या चार पिशव्या पाहून ही कचरा टाकण्याचीच जागा असावी असे वाटते. अशा ठिकाणांना महापालिकेच्या भाषेत 'क्रॉनिक स्पॉट' म्हणतात. दुखणे जुनाट आहे एवढे तरी त्या शब्दातून कबूल होते.

सकाळी पावणेसहाच्या सुमारास पहिली पिशवी येते. कंपनीची बस गाठायला निघालेला एक तरुण ती दुचाकीवर पायांजवळ ठेवून आणतो आणि वेग फारसा कमी न करता सोडून देतो. त्याच्यामागून मुलाला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायला निघालेली आई येते. तिच्या एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात पिशवी असते, आणि ती टाकताना ती नेहमी एकदा वर आमच्या इमारतीकडे पाहते. त्यानंतर खोली भाड्याने घेऊन राहणारी चार-पाच मुले. रात्री साडेअकरानंतर चायनीजच्या गाडीवरचा मुलगा उरलेसुरले पोत्यात भरून आणतो. यांतील कोणीही अडाणी नाही, आणि त्या बाईच्या वर पाहण्यावरून आपण काय करतो आहोत हे तिला पुरते ठाऊक असावे, असे मला वाटते. आमच्याकडे घंटागाडी सव्वानऊच्या सुमारास येते. तोपर्यंत या सर्वांच्या घरांना कुलपे लागलेली असतात. वैशाखात बंद घरात खरकटे आणि माशाचे काटे दिवसभर ठेवून पाहावेत, म्हणजे संध्याकाळी दार उघडल्यावर सुसंस्कृत माणसाच्या मनातही कोणता विचार येतो ते कळेल. ज्या सोसायटीला रखवालदार आहे आणि जिन्याखाली ओल्या-सुक्याची पिंपे आहेत, तिथे हा प्रश्न येत नाही; सकाळी पिशवी पिंपात गेली की पुढचे पुढे होते. आमच्यासारख्या आठ-दहा बिऱ्हाडांच्या इमारतींना आणि जुन्या वाड्यांना मात्र ना रखवालदार असतो, ना पिंप.

दुसरे कारण पैशाचे आहे, आणि ते बोलायला आपल्याला लाज वाटते. पुण्यात कचरावेचकांनी 1993 साली आपली संघटना उभारली, आणि पुढे 2008 मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्याचे काम अंगावर घेतले. या व्यवस्थेत प्रत्येक घराने वेचक बाईंना दरमहा ठराविक शुल्क द्यायचे असते आणि सुक्यातून निघालेल्या भंगाराची विक्री त्यांची असते. व्यवस्था उत्तम आहे; देशभर तिची वाखाणणी झाली. परंतु ते शुल्क वाचवावे म्हणून रोज कोपऱ्यावर पिशवी नेऊन टाकणारी घरे माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्या घरांत दर महिन्याचे इंटरनेटचे बिल मात्र तारीख न चुकता भरले जाते. याउलट, ज्या मजल्यांवर तीच बाई वर्षानुवर्षे येते, नाव घेऊन हाक मारते आणि काचेचा तुकडा सुट्टा टाकला तर रागावते, त्या मजल्यांवरची पिशवी कोपऱ्यावर सहसा दिसत नाही. समोर ओळखीचा चेहरा असला की माणूस वेगळा वागतो.

येथे एक कडू गोष्ट लिहिणे भाग आहे. दारावर घंटा वाजली की घरातून आवाज येतो, 'कचरेवाली आली.' वास्तविक ती कचरा नेणारी, कचरेवाले आपण. पण हा शब्द उगाच पडलेला नाही. घाण करणे हा आपला अधिकार आणि ती काढणे हे दुसऱ्या कोणाचे जन्माने ठरलेले काम, ही वाटणी आपल्या समाजाने शतकानुशतके जातीच्या आधाराने केली. झाडूचे काम आजही कोणत्या वस्त्यांतील माणसांच्या वाट्याला येते हे पाहायचे असेल, तर सकाळी कोणत्याही आरोग्य कोठीवर, म्हणजे सफाई कामगार जिथे हजेरी लावतात तिथे, जाऊन उभे राहावे. उंबरठ्याच्या आत दिवसातून दोनदा केर काढणारे घर तोच केर उंबरठ्याबाहेर लोटते, कारण तिथून पुढे त्याची जबाबदारी कोणा 'त्यांची' असते. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत, ते याचसाठी असावे असे मला नेहमी वाटते. झाडणारे हात कोणाचे, हा प्रश्न त्यांनी कीर्तनाच्या आधीच निकालात काढलेला असे. त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान राज्यात 2000-01 पासून चालले आणि अनेक गावे त्यात खरोखर पालटली. शहरांनी त्यातून खराटा तेवढा छायाचित्रापुरता घेतला.

टाकणे ही आपली जुनी सवय आहे, आणि एके काळी ती फारशी जाचत नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. शेंगांची टरफले, केळीची साल, पळसाच्या पानांचा द्रोण, रद्दीच्या कागदाची भेळेची पुडी हे सारे रस्त्यावर पडले तरी गाय, शेळी किंवा पाऊस त्याचा निकाल लावीत असे. मी स्वतः लहानपणी वडिलांबरोबर लकडी पुलावरून मुठेत निर्माल्य सोडलेले आहे. केळीच्या पानात बांधलेली फुले वाहत जाताना पाहण्यात एक प्रकारचे समाधान असे. हात तोच राहिला, हातातली वस्तू बदलली. आज तेच निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत, वर घट्ट गाठ मारून येते. ते घंटागाडीत टाकायला सांगितले तर लोक दुखावतात, कारण देवाची फुले खरकट्याबरोबर कशी द्यायची? म्हणजे ही घाण बेपर्वाईतून नव्हे, श्रद्धेतून होते, आणि तिच्यापुढे दंडाची भीती फार काळ टिकत नाही. काही पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या लावल्या आहेत. त्या जाळ्यांत अडकून लोंबणाऱ्या पिशव्या मी पाहिल्या आहेत. विसर्जनाच्या दिवसांत घाटावर निर्माल्य कलश ठेवले की हीच माणसे रांगेने त्यात फुले ठेवतात, कारण तिथे फुलांचा मान राहतो. ते कलश वर्षभर देवळाच्या दारात का असू नयेत, हे मला उमगलेले नाही.

जिन्याच्या कोपऱ्यात देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसवण्याचा प्रकारही असाच विचार करण्यासारखा आहे. फरशी बसली की पानाच्या पिचकाऱ्या तिथे थांबतात, आणि पाच पायऱ्या वर, जिथे फरशी नाही, तिथे सुरू होतात. थुंकणाऱ्याला तोंड आवरता येते हे एवढ्यावरून सिद्ध होते; कुठे आवरायचे हे तो जागा पाहून ठरवतो. 2022 पासून पुण्यात मेट्रो धावते आहे. तिच्या डब्यात वेष्टन खिशात घालणारा प्रवासी जिना उतरून रस्त्यावर आला की तेच वेष्टन काढून टाकताना मी पाहिला आहे. गुटख्याच्या पुड्यांविषयी तर काय लिहावे? राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि तरी झाडणाऱ्यांच्या सुपलीत रोज गुटख्याच्या रिकाम्या पुड्या निघतात.

जागा पाहून माणूस वागतो, हे माझे गॅलरीतील निरीक्षण नवे नाही. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वाहनतळावरील गाड्यांच्या काचांवर हस्तपत्रके अडकवून ठेवली आणि परत आलेले मालक त्यांचे काय करतात ते पाहिले. जमीन स्वच्छ असताना सुमारे 14 टक्के लोकांनी पत्रक खाली टाकले. जमिनीवर आधीच कागद पसरलेले असताना 32 टक्क्यांनी टाकले. आधीच घाण झालेल्या जागी कोणी समोर कागद टाकताना दिसला, तेव्हा हे प्रमाण 54 टक्क्यांवर गेले. पण स्वच्छ जागी कोणी कागद टाकताना दिसला, तेव्हा ते वाढले नाही, उलट 6 टक्क्यांवर आले. स्वच्छ जमिनीवर टाकलेला एक कागद पाहणाऱ्याच्या डोळ्यांत खुपला असावा. आमच्या कोपऱ्यावर सफाई झाल्यावर कर्मचारी कधी कधी रांगोळी घालतात. अनेकजण त्या रांगोळीला हसतात. मी हसत नाही, कारण ती असते तोवर तिच्यावर पिशवी टाकायला हात धजत नाही. प्रश्न एवढाच की ती सकाळी दहाला घातली जाते आणि पिशव्या पहाटे येतात.

आता दंडाविषयी. 2017 च्या अखेरीस राज्य शासनाने अ आणि ब वर्गाच्या, म्हणजे मोठ्या, महापालिकांसाठी रस्ता घाण केल्यास 180 रुपये आणि थुंकल्यास 150 रुपये असा दंड ठरवला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात पुण्यात थुंकणाऱ्यांना पकडून त्यांच्याच हाताने डाग पुसायला लावण्यात आले. त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकली, आणि मलाही ती पाहून बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दंडाची पावती दिवसा, वर्दळीच्या चौकात फाडली जाते. पहाटे पावणेसहाला दुचाकीवरून सुटणारी पिशवी आणि रात्री साडेअकराचे पोते त्या पावतीच्या टप्प्यात येतच नाही. दंड दसपट केला तरी जो सापडत नाही त्याला त्याचे काय? आणि जो सापडतो तो बहुधा हातगाडीवाला असतो, ज्याच्या हक्काची रात्रीची घंटागाडी कोणी ठेवलेलीच नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी पथविक्रेत्याने जवळ कचऱ्याचे भांडे ठेवावे असे सांगितले होते. रात्री साडेअकराला ते भांडे रिते कुठे करायचे, याची सोय कोणीतरी करायलाच हवी.

काही महिन्यांपूर्वी आमच्या मुख्य रस्त्याचे खोदकाम निघाले. दिवसा वाहने अडत म्हणून घंटागाडी सकाळी पावणेसहालाच येऊ लागली. फलक लागला नाही, कोणी समज दिली नाही. पहिले दोन-तीन दिवस लोकांना कळलेच नाही. मग ती बाई मुलाचे दप्तर सांभाळत गाडीपाशी थांबू लागली, तो तरुणही दोन मिनिटे आधी निघू लागला. आठवड्याभरात कोपऱ्यावर रात्रीचे पोते आणि एखादी चुकार पिशवी एवढेच उरले. पुढे रस्ता बुजवला गेला, गाडी पुन्हा सव्वानऊवर गेली आणि पिशव्या परत आल्या.

दंडवाढीची मागणी करणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे की त्यांनी आपापल्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा ढीग कोणत्या तासाला वाढतो, हे एकदा पाहावे. महापालिकेने ज्या रस्त्यांवर नोकरदार आणि भाडेकरू अधिक आहेत तिथे सकाळी सातच्या आत किंवा रात्री आठनंतर एक फेरी द्यावी, खाद्यगाड्यांच्या रस्त्यांवर बाराच्या सुमारास एक गाडी उभी करावी, आणि हे वेळापत्रक ठरवण्यापूर्वी त्या रस्त्यावर दहा वर्षे झाडणाऱ्या बाईला विचारावे. कोणती पिशवी कोणत्या घरातून येते हे तिला तोंडपाठ असते. आमच्या गल्लीत तिला अजून कोणी विचारलेले नाही. मी विचारले, तेव्हा तिने माझ्याच इमारतीतील दोन बिऱ्हाडांची नावे सांगितली.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे