स्वयंपाकघराच्या कोटेशनमध्ये आयएस क्रमांक मागा

मा. संपादक,
स. न.

दसरा-दिवाळी तोंडावर आली की स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायची लगबग सुरू होते. हाती पडलेल्या कोटेशनमध्ये बहुधा एकच ओळ असते : ‘वॉटरप्रूफ प्लाय, १० वर्षे गॅरंटी’. ‘वॉटरप्रूफ’ हा दर्जा नाही, तो दुकानातला शब्द आहे. गॅरंटीही बऱ्याचदा शीटच्या किमतीपुरतीच असते. उखडण्या-बसवण्याची मजुरी आणि वाया गेलेला सनमायका ग्राहकाच्याच गळ्यात पडतो. म्हणून पैसे देण्याआधी ओट्याखालच्या प्रत्येक भागाला कोणता माल, किती मिलिमीटरचा आणि कोणत्या आयएस (भारतीय मानक) क्रमांकाचा, हे लिहूनच घ्यावे.

सर्वसाधारण प्लायसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे मानक आहे. ३०३ मधला एमआर (ओलावारोधक) दर्जाचा प्लाय दमट हवा सोसतो, साठलेले पाणी सोसत नाही. ७१० च्या प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो आणि लाकडावर कीडरोधक प्रक्रियाही बंधनकारक आहे. शीटवर नुसते ‘७१०’ छापलेले पाहून समाधान मानू नये. आयएसआय चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या मालासाठी हे समजते. कडेचा लालसर-काळपट रंग ही मरीन प्लायची खूण मानली जाते, पण रंग डिंकात मिसळताही येतो. जाडी व्हर्नियरने मोजावी; १८ मिमीच्या नावाखाली १६-१७ मिमीची शीट सर्रास खपवली जाते.

खरे नुकसान होते ते कापलेल्या कडांतून. वरून सनमायका असल्यामुळे पृष्ठभागातून पाणी आत जात नाही. सिंकच्या पाइपसाठी पाठीला पाडलेले भोक, फरशी धुताना भिजणारी तळाची कड, बिजागरीसाठी पाडलेला ३५ मिमीचा खड्डा, या सगळ्या जागा उघड्या राहतात. लाकडाचे तंतू तिथून वातीसारखे पाणी ओढतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पापुद्रे सुटू लागतात. उपाय स्वस्त आहे : प्रत्येक कापलेल्या कडेला आणि भोकाच्या आतल्या बाजूला इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन हात द्यावेत, पाइपभोवतीची फट सिलिकॉनने भरावी आणि कपाटाचा डबा जमिनीला न टेकवता ४ इंची पीव्हीसी पायांवर उभा करावा. हे काम झाकून जाते, त्यामुळे ते टाळले जाते. डबे भिंतीला लागण्यापूर्वी मालकाने स्वतः वाकून पाहावे.

आणखी एक चूक वरचेवर दिसते. शटरला बाहेरून १ मिमीचा सनमायका लावतात आणि आतून नुसता रंग मारतात. दोन बाजू हवेतला ओलावा सारख्या घेत नाहीत, म्हणून पावसाळ्यात शटर बाक धरते आणि मग दोष बिजागरीला दिला जातो. आतूनही निदान ०.८ मिमीचा सनमायका हवाच.

सगळे स्वयंपाकघर मरीन प्लायमध्ये करायची ऐपत प्रत्येकाची नसते, आणि तशी गरजही नाही. वरच्या कपाटांना चांगला एमआर प्लाय चालतो. सिंकखालच्या खणाशी मात्र तडजोड नको. ३० इंच रुंद, ३० इंच उंच, २१ इंच खोल खण धरला, तर दोन बाजू, तळ, पाठ आणि शटरे मिळून सुमारे २६ चौरस फूट होतात. ८ बाय ४ ची शीट ३२ चौरस फुटांची असते. म्हणजे एकाच मरीन शीटचा हा प्रश्न आहे.

पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी, या खणात वापरूच नये. एकदा फुगला की तो सुकूनही पूर्ववत होत नाही आणि बिजागरीचा स्क्रू भुशातून निघावा तसा निघतो. हिरवा एचएमआर (जास्त ओलावारोधक) बोर्ड त्याहून बरा, पण तो हिरवेपणा म्हणजे ओळखीसाठी टाकलेला रंग आहे, संरक्षण नव्हे. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांची फळी) भिजत नाही, त्याला वाळवी लागत नाही; मात्र स्क्रूची पकड कमी, लांब फळी ओझ्याने वाकते आणि शेगडीशेजारच्या उष्णतेने ती मऊ पडते. सिंकखाली ठीक, डाळ-तांदळाच्या डब्यांच्या फळीला नको.

जुना कडप्प्याचा ओटा शाबूत असेल तर तो फोडू नये, असे आमचे ठाम मत आहे. कडप्पा फुगत नाही, कुजत नाही. त्यावर ट्रॉल्या आणि शटरे उत्तम बसतात. फरश्या काटकोनात नसतात, म्हणून प्रत्येक खणाची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजावी व सर्वांत कमी माप धरून ट्रॉली मागवावी. शटरसाठी दर्शनी चौकट ॲल्युमिनियमची घ्यावी. लाकडी पट्टी सिंकजवळ आधी कुजते. कडप्पा चुनखडीचा दगड आहे, त्यामुळे सांध्याला व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन न वापरता न्यूट्रल सिलिकॉन वापरावे.

किनारपट्टीवर ट्रॉलीच्या स्टीलकडेही बघायला हवे. ३०४ आणि २०२ या स्टीलच्या दोन प्रती. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त, त्यामुळे खाऱ्या हवेत त्यावर लवकर तांबूस ठिपके येतात. लोहचुंबक लावून दोन्हींतला फरक कळत नाही, कारण चुंबक दोन्हींना जवळपास चिकटतच नाही. तपासणीसाठी रसायनाचे थेंब मिळतात, ते दुकानातच टाकून पाहावेत.

सुतार कापणी करतो तेव्हा मरीन प्लायचा ४ इंचांचा एक तुकडा मागून घ्यावा आणि जुन्या पातेल्यात चार-पाच तास उकळावा. पापुद्रे नखाने सुटले तर तो माल परत पाठवावा. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी सिंक काठोकाठ भरून पाणी एकदम सोडावे, खालच्या ट्रॅपखाली (सिंकच्या वाकड्या पाइपखाली) वर्तमानपत्राचा कोरडा कागद अंथरावा आणि अर्ध्या तासाने पाहावा. एक थेंब जरी उमटला असेल, तरी जोड उघडून पुन्हा बसवून घ्यावा.

आपले,
फर्निचर कामाशी संबंधित काही वाचक, रत्नागिरी