तीन दिवस माझ्या खुर्चीत बसशील का?

वाचनालय,
रविवार, संध्याकाळी साडेसात

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोनवर तू दुसऱ्या मिनिटाला 'बरं, ठेवतो' म्हणतोस, आणि मला जे मागायचंय ते तेवढ्यात उरकणारं नाही. म्हणून जुन्या नोंदवहीची कोरी पानं फाडून बसलोय. बाहेर पाऊस आहे, आत मी आणि डांबरगोळ्यांचा वास.

आधी एक गंमत सांगतो. मागच्या महिन्यात वरच्या वाडीतले एक गृहस्थ आले. कधी न येणारे. दारातच चपला काढल्या, आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "साखरेवर काही पुस्तक आहे का?" मी खूश! आपल्याकडे अशी विषय घेऊन येणारी माणसं किती? सरळ उठलो, 633.61 या ड्यूई वर्गीकरणातल्या उसाच्या क्रमांकावर बोट ठेवलं आणि ऊस लागवडीचं जाडजूड पुस्तक काढून दिलं. बिचाऱ्यांनी निमूट नेलं. दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवलं, म्हणाले, "चांगलं आहे." चार दिवसांनी कळलं, त्यांच्या बायकोला मधुमेह निघाला होता. 616.462. दोन कपाटं पलीकडे. होतं रे पुस्तक आपल्याकडे, सोप्या मराठीतलं, पथ्याचा तक्ता असलेलं. नंतर मी ते घरी नेऊन दिलं, पण नजर वर करायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून आपला 1994 चा वर्ग डोक्यातून जात नाही. सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, पत्र्याची शाळा, आणि लाल उभ्या रेषांची ती तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदीची कार्डं. कुठल्या रेषेपासून लेखकाचं आडनाव आणि कुठून शीर्षक, हे चुकलं की सर अख्खं कार्ड फाडायचे. माझं एकही फाटलं नाही, तुझी निम्मी फाटली. आणि तो अभंगांचा प्रश्न आठवतो? तुकोबांचे अभंग 294.5 मध्ये, म्हणजे हिंदू धर्मात, की 891.46 मध्ये, म्हणजे मराठी साहित्यात? मी अर्धं पान कारणं लिहून साहित्यात टाकले. तू लिहिलंस, "गावात कोण मागायला येतं ते बघून ठरवू." तुला शून्य. मला वर्गात पहिला नंबर. आज सांगतो, शून्य देणाऱ्याचं चुकलं.

संदर्भ सेवेवर, म्हणजे माणूस काय विचारतोय आणि त्याला खरं काय हवंय यावर, आपल्याला एकच दुपार मिळाली होती. तीही जेवणानंतरची. मी झोपलो होतो बहुधा.

रंगनाथनांची गोष्ट मात्र मी जागेपणी ऐकली. गणिताचा प्राध्यापक माणूस. 1924 साली मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालाच्या खुर्चीत बसवला, तर थोड्याच दिवसांत परत कॉलेजात घ्या म्हणून विनवायला लागला. एवढ्या शांततेत करायचं काय? त्याला सांगितलं, आधी इंग्लंडला जाऊन शिकून ये, मग ठरवू. तिकडे त्याने ग्रंथालयामागून ग्रंथालयं पाहिली, लोक ती कशी वापरतात ते बघितलं, आणि आला तो आयुष्यभर या धंद्यातून हलला नाही. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे त्याचं सूत्र आपण पाठ केलं. साखरवाल्या गृहस्थांचे मी चार दिवस घालवले.

आणि इंग्लंडचं तरी कशाला? सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून आणलं, आणि 1911 मध्ये तिथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरायची. राजाला कळलं होतं की नुसती पेटी पाठवून भागत नाही, ती उघडणारा माणूसही शिकवावा लागतो. आमच्या अध्यक्षांना हे कोणी सांगायचं?

आता मुद्द्यावर येतो. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या गावी तीन दिवसांची कार्यशाळा आहे, गुरुवार ते शनिवार. कोहा शिकवणार आहेत. ही वाचनालयाच्या कामाची संगणक प्रणाली, फुकट मिळते. तुझ्या कॉलेजात आली होती म्हणालास, पण तिचं मूळ माहीत आहे का? न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातली साधी सार्वजनिक वाचनालयं. त्यांची जुनी प्रणाली 2000 साल उजाडलं की बंद पडणार होती, नवी विकत घ्यायची ऐपत नव्हती, मग त्यांनी स्वतःसाठी करून घेतली आणि सगळ्या जगाला मोकळी देऊन टाकली. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. पण नुसती भेट नाही, परतफेडीची जाण ठेवून दिलेली. म्हणजे आपला आहेरच की! आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये तिचे धडे आहेत, ते रात्री मुलाच्या लॅपटॉपवर बघतो. तिसऱ्या धड्याला अडकलो की विचारायला कोणी नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, परत पहिल्यापासून बघा." कार्यशाळा हवी ती एवढ्यासाठीच.

अध्यक्षांना अर्ज दिला. ते म्हणाले, "तीन दिवस वाचनालय बंद ठेवून शिकायला जाणार? आणि तपासणी आली तर?" त्यांचंही पूर्ण चुकीचं नाही. आमचं 'ड' वर्गाचं, म्हणजे सरकारी श्रेणीत सगळ्यात खालचं वाचनालय, माणूस एकच. ग्रंथपाल मी, लिपिक मी, झाडूही माझाच. 2022 पर्यंत अनुदान वर्षाला तीस हजार होतं, वर्षाला बरं का, महिन्याला नव्हे, आणि त्यातलं निम्मं पगाराचं. मग साठ टक्के वाढ झाली तेव्हा मी पेढे वाटले होते, पेढ्यांतच पहिल्या महिन्याची वाढ गेली. पण पैशाचं रडगाणं नको. प्रशिक्षणं निघत नाहीत असं नाही. जिल्ह्याला निघतात, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात तर पुस्तकांच्या जतनाचे छोटे अभ्यासक्रमही चालतात. ज्या वाचनालयात पाच माणसं, तिथला एक जातो. जिथे एकच, तो परिपत्रक वाचून फायलीला लावतो. माझ्याकडे अशी फाईल आहे, बरीच जाड झालीय.

जतनाचं काम मी मात्र इथेच शिकलो. बाजारात एक म्हातारे बाइंडर आहेत, सहा रविवार त्यांच्याकडे जाऊन बसलो. मैद्याच्या खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा म्हणजे कसर लागत नाही, पुठ्ठ्याला कागदाचा दाणा, म्हणजे तंतूंची दिशा, बघून चिकटवायचं, आणि चिकटपट्टी जन्मात लावायची नाही. माझी वीस वर्षांची चिकटपट्टी त्यांनी एक एक पान उलटत मला दाखवली. पिवळी, तेलकट, पट्टी गळून गेलेली आणि डाग तेवढा राहिलेला. मला वाटायचं मी पुस्तकं वाचवतोय! आता चाळीसेक पुस्तकं नीट बांधून झालीत. याचं प्रमाणपत्र नाही, त्यामुळे तपासणीच्या अहवालात हे कुठे लिहायचं ते कळत नाही.

तर शिरीष, तू निवृत्त आहेस, गुडघा आता बरा आहे असं वहिनी म्हणाल्या. ते तीन दिवस माझ्या खुर्चीत बसशील का? समितीची परवानगी काढलीय, 'प्रशिक्षित माणूस असेल तर हरकत नाही' असं लेखी. तुझं प्रमाणपत्र, शून्य मार्कांसकट, घेऊन ये.

आणि एक. गुरुवारची कार्यशाळा, पण तू मंगळवारी पोच. सोमवारी रात्री स्वारगेटहून एसटी धर. मंगळवार-बुधवार तू काउंटरवर बस आणि मी पलीकडच्या बाकावर, वाचकासारखा. येणाऱ्याला तू काय विचारतोस, किती वेळ गप्प बसतोस, ते मला बघायचंय. हसू नकोस. तीस वर्षांत कोणी कोणाच्या शेजारी बसून हे काम शिकवलेलं मी तरी पाहिलं नाही.

थोडी माहिती देऊन ठेवतो. सकाळी भरतीची पोरं येतात, त्यांना पुस्तक नको असतं, पंख्याखालची जागा आणि ऑनलाइन अर्जाला मदत हवी असते. अर्जात फोटोचा आकार नेहमी चुकतो. चार वाजता एक आजी येतात, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना मोठ्या टाइपातलं काढून ठेव. सातवीतला एक पोरगा रोज तेच प्राण्यांचं चित्रांचं पुस्तक मागतो. त्याला अजून वाचता येत नाही असा माझा संशय आहे, पण मी विचारलेलं नाही. तू बघ.

चावी शेजारच्या शिंप्याकडे. कुलूप जरा उचलून फिरवावं लागतं.

तुझा,
विनायक

ता.क. दंडाच्या डब्यात सुटे पैसे आहेत. आजींना दंड लावायचा नाही.