किरणोपचारात काही भाजत नाही

महोदय,

कर्करोगावरच्या किरणोपचाराला आपल्याकडे सर्रास ‘शेक’ म्हणतात. ‘किरणांनी गाठ जाळली’ असे छापूनही येते. वास्तविक २ ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या डोसाचे माप) एक डोस म्हणजे किलोमागे २ ज्यूल ऊर्जा. त्याने तापमान वाढते ते जेमतेम अर्धा सहस्रांश अंश. चहाच्या घोटाने याहून जास्त ऊब येते!

गाठ मरते ती पेशींतला दोन धाग्यांचा डीएनए तुटल्याने. एका ग्रेमागे प्रत्येक पेशीत सुमारे हजार एकेरी आणि ३० ते ४० दुहेरी तुटी होतात. एकेरी तुटीचे फारसे काही नाही. समोरचा धागा शाबूत असतो, तो पाहून पेशी दुरुस्ती करते. दोन्ही धागे जवळजवळ तुटले की पंचाईत होते. मग ‘कू’ नावाचे कड्यासारखे प्रथिन काही सेकंदांत टोके पकडते, डीएनए-पीके हे दुसरे प्रथिन ती एकत्र धरते, आर्टेमिस हे तिसरे खराब भाग छाटते आणि लायगेझ-४ हे चौथे सांधा जोडते. या पहिल्या पद्धतीत काम झटपट होते, पण छाटताना कधी डीएनएचे एखाददुसरे अक्षर गळते. दुसरी पद्धत जवळपास बिनचूक आहे. तीत एमआरई-११ हे प्रथिन प्रत्येक टोकाचा एक धागा मागे कुरतडते, उघड्या पडलेल्या धाग्यावर बीआरसीए-२ हे प्रथिन रॅड-५१ नावाचे प्रथिन बसवते आणि तो धागा जुळ्या प्रतीत आपली जागा शोधून नक्कल उतरवून घेतो. मात्र ही जुळी प्रत डीएनए दुप्पट झाल्यापासून विभाजन होईपर्यंतच हाताशी असते.

दोन तुटी एकाच वेळी शेजारी झाल्या, तर भलतीच टोके जोडली जातात. दोन मध्यबिंदूंचे (विभाजनात जिथे धरून ओढले जाते ते बिंदू) गुणसूत्र तयार होते, विभाजनात ते दोन्हीकडून ओढले जाते आणि पेशी मरते. म्हणूनच गाठ त्याच दिवशी विरघळत नाही, काही आठवड्यांनी आटते. भाजत नाही याचे एक उदाहरण पाहा. लासलगावच्या विकिरण केंद्रात मोड येऊ नयेत म्हणून कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे गॅमा किरण देतात. एवढे माणसाच्या सर्वांगाला लागले तर तो वाचणार नाही. कांदा मात्र शिजत नाही की भाजत नाही. फक्त मोडाच्या पेशींचे विभाजन थांबते.

आता मुंबईच्या रुग्णांच्या कामाचे. तोंड-घशाच्या कर्करोगात बहुधा ७० ग्रे हे ३५ डोसांत, ७ आठवड्यांत देतात. दोन डोसांमध्ये किमान ६ तास लागतात, कारण तेवढ्यात निरोगी पेशी बहुतेक तुटी सांधतात. कर्करोगाच्या पेशीही सांधतात, पण पुष्कळदा त्यांचे पी-५३ (तूट झाली की विभाजन रोखणारे प्रथिन) बिघडलेले असते. दुरुस्तीसाठी न थांबता त्या तशाच विभाजनाला लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी वेगाने वाढतात. या कर्करोगात उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता साधारण १ ते दीड टक्क्याने घटते. हिंदमाताला पाणी तुंबले, लोकल बंद पडली की दिवस बुडतो, आणि ‘उद्या दुप्पट द्या’ अशी मागणी होते. तसे करता येत नाही. एकदम ४ ग्रे दिले की चुकीच्या जोडण्या दुपटीहून जास्त वाढतात, आणि त्याचा फटका निरोगी ऊतींनाच अधिक बसतो. विभागाला त्याच दिवशी फोन करावा. शनिवारी डोस देणे किंवा एकाच दिवशी ६ तासांच्या अंतराने दोन डोस देणे, असे मार्ग डॉक्टर काढू शकतात.

आणि विडी-सिगारेट. ऑक्सिजन असला तर तूट पक्की होते. नसला तर तेवढ्याच परिणामासाठी अडीच ते तीन पट डोस लागतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवतो, म्हणजे गाठीपर्यंत ऑक्सिजन कमी पोहोचतो. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर टपरीवर एक ओढून आत डोस घ्यायला जाणारा माणूस किरणांची धार स्वतःच बोथट करत असतो.

– किरणजीवशास्त्राचे दोन अध्यापक, चेंबूर, मुंबई