मुयाला जपलं, मग आपल्या मगरीला दगड का?

संपादक साहेब, नमस्कार.
सर्बियातल्या बेलग्रेडच्या झू मधला मुया नावाचा, मगरीचाच जातभाई असलेला अ‍ॅलिगेटर १९३७ ला जर्मनीतून तिथं आला, १९४१ आणि १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांतून वाचला, २०१२ मध्ये गँगरीनमुळे त्याचा पुढचा उजवा पाय कापावा लागला तरी गडी सावरला, कारण तिथल्या माणसांनी त्याला म्हाताऱ्या आजोबासारखं सांभाळलं. वाचून खरंच डोळे भरून आले. आणि आपल्याकडे? मागे तापीकाठी मगर ऊन खात पडलेली दिसली, तर पोरं दगड मारत होती, मोठी माणसं मोबाईलवर शूटिंग करत होती, कोणी बोललं नाही! मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. नदीकाठच्या गावांत निदान एक बोर्ड तरी लावा.

एक वाचक, भुसावळ