वायफायला मोबाइल नंबर ‘चालेल ना’?

महोदय,

नवीन इंटरनेट घेतले की जोडणीला आलेला मुलगा विचारतो, ‘काका, पासवर्ड मोबाइल नंबरच ठेवू ना?’ आपण मान हलवतो, तो पुढच्या घरी जातो. राउटरमध्ये सुरक्षेचा कोणता प्रकार लावला, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

आपल्याकडचे मोबाइल नंबर 6 ते 9 पैकी आकड्याने सुरू होतात, म्हणजे शक्यता चारशे कोटी. आकडा मोठा वाटतो खरा. पण डब्ल्यूपीए2 या नेहमीच्या सुरक्षा प्रकारात फोन राउटरला जोडला जातानाची संदेशांची देवाणघेवाण कुणी जिन्यात उभे राहून टिपली, की एकेक नंबर तो स्वतःच्या घरी निवांत लावून बघू शकतो. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही तासांचे काम. शेजाऱ्याला तेवढेही कष्ट नकोत, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपला नंबर आहेच!

राउटरमधल्या सुरक्षा प्रकारांच्या यादीतली सर्वांत जुनी डब्ल्यूईपी 2001 मध्येच मोडीत निघाली. 2003 ची डब्ल्यूपीए ही तिची तात्पुरती डागडुजी. आज निदान डब्ल्यूपीए2 हवी, तीही एईएस ही सांकेतिकरणाची पद्धत लावून. 2018 मध्ये आलेली डब्ल्यूपीए3 मिळाली तर फारच चांगले. तिथे घरी बसून नंबर लावून बघणे जमत नाही. जुना टीव्ही तिला जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए2 आणि 3 चा मिश्र पर्याय घ्यावा, मात्र पासवर्ड चांगला लांबलचक ठेवून. नेटवर्कचे नाव लपवण्याचा सल्ला काही जण छातीठोकपणे देतात, त्याचा उपयोग जवळपास शून्य.

डब्ल्यूपीएसचे, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन देऊन वायफायला जोडण्याच्या सोयीचे, मात्र कुणी नावही काढत नाही. त्याचा पिन आठ आकडी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. त्यामुळे जेमतेम 11,000 पिन लावून बघावे लागतात. हे 2011 मध्येच उघड झाले, तरी कितीतरी घरांत ही सोय अजून चालू असते.

जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारी ईमेल नवी मुंबईच्या सानपाड्यातल्या एका फ्लॅटच्या उघड्या वायफायवरून गेली होती आणि तिथे राहणाऱ्याला पोलिस चौकशीला तोंड द्यावे लागले होते. तेव्हा चार दिवस सगळे जागे झाले होते.

अनेक ठिकाणी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्डच ग्राहकाला देत नाहीत. मग त्याने बदलायचे काय? जोडणी झाल्यावर ज्या कागदावर आपली सही घेतात, त्यावरच सुरक्षेचा प्रकार, डब्ल्यूपीएस बंद केल्याची नोंद आणि राउटरचा पासवर्ड ग्राहकाच्या हाती दिल्याची नोंद असावी. दूरसंचार विभागाने हे कंपन्यांना आणि गल्लीतल्या केबलवाल्यांनाही सक्तीचे करावे.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)